आल्बर्ट बालीन

आल्बर्ट बालीन (१५ ऑगस्ट, इ.स. १८५७:हांबुर्ग - ९ नोव्हेंबर, इ.स. १९१८:हांबुर्ग) हे जर्मन जहाजव्यवसायी होते. हांबुर्ग-अमेरिका लाइन ऊर्फ हापाग या कंपनीचे ते इ.स. १८९९पासून मृत्यूपर्यंत महासंचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत ही कंपनी जगातील सर्वांत मोठी जहाजकंपनी बनली. इ.स. १८९१मध्ये त्यांनी आखलेली भूमध्य समुद्राची सफर ही आधुनिक सागरी पर्यटनाची सुरुवात मानली जाते. जहाज हे केवळ एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्याचे साधन नसून, अनेक शहरे पाहत जाणाऱ्या प्रवाशांचे फिरते निवासस्थान होऊ शकते, ही कल्पना त्यांनी व्यवसायात उतरवली.

प्रारंभिक जीवन

बालीन यांचा जन्म हांबुर्गमधील एका साधारण परिस्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील अमेरिकेला स्थलांतर करणाऱ्या लोकांना जहाजाची तिकिटे मिळवून देणाऱ्या एका संस्थेचे भागीदार होते. इ.स. १८७४मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा १७ वर्षांच्या आल्बर्ट यांच्यावर व्यवसायाची जबाबदारी येऊन पडली. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते. परंतु इंग्रजीवर आणि हिशेबावर त्यांचे प्रभुत्व होते.

इ.स. १८८१पासून बालीन यांनी एडवर्ड कार यांच्या मालवाहू आगबोटींवर स्थलांतरितांसाठी स्वस्त प्रवासाची व्यवस्था केली. जाताना उतारू आणि परतताना माल अशी आखणी असल्यामुळे कमी भाड्यातही हा व्यवहार परवडत असे. या स्पर्धेचा फटका हापागला बसू लागला. अखेर इ.स. १८८६मध्ये तडजोड होऊन हापागने बालीन यांनाच आपल्या प्रवासी विभागाचे प्रमुख नेमले. इ.स. १८८८मध्ये ते संचालक मंडळाचे सदस्य झाले.

इ.स. १८८३मध्ये त्यांचा विवाह मारियान राउअर्ट यांच्याशी झाला. त्या प्रोटेस्टंट होत्या. बालीन यांनी मात्र अखेरपर्यंत धर्मांतर केले नाही. या दांपत्याने एक मुलगी दत्तक घेतली होती.

इ.स. १८९१ची सफर

पार्श्वभूमी

इ.स. १८८९मध्ये हापागने ऑगुस्टा व्हिक्टोरिया ही सुमारे ७,६०० टनांची, दोन पंख्यांवर चालणारी वेगवान आगबोट न्यू यॉर्क मार्गावर आणली. उन्हाळ्यात तिला भरपूर प्रवासी मिळत. हिवाळ्यात मात्र उत्तर अटलांटिक महासागर खवळलेला असे आणि प्रवाशांची संख्या घटत असे. जहाज धक्क्याला बांधून ठेवले तरी कर्जाचे व्याज, देखभाल आणि खलाशांचे वेतन थांबत नसे. या रिकाम्या महिन्यांत जहाज दक्षिणेकडील उबदार समुद्रात न्यावे आणि प्रवाशांना केवळ सहलीसाठी फिरवून पुन्हा निघालेल्या बंदरात आणून सोडावे, असा प्रस्ताव बालीन यांनी मांडला. कंपनीतील अनेकांना ही कल्पना वेडेपणाची वाटली.

सागरी सहल ही कल्पना अगदीच नवी नव्हती. इ.स. १८४४मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांनी भूमध्य समुद्राचा फेरफटका मारता येत असे. परंतु त्यासाठी नियमित टपालमार्गावरील जहाजे बदलत जावे लागे. इ.स. १८८९मध्ये ओरिएंट लाइननेही नॉर्वेकडे सहली काढल्या होत्या. बालीन यांचे वेगळेपण असे, की त्यांनी आपल्या ताफ्यातील एक आघाडीचे नवे जहाज या कामाला लावले आणि पुढे हा उपक्रम कंपनीच्या व्यवसायाचा कायमचा भाग बनवला.

मार्ग

२२ जानेवारी, इ.स. १८९१ रोजी ऑगुस्टा व्हिक्टोरिया २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून निघाली. बालीन दांपत्यही या प्रवासात सहभागी होते. साउदॅम्प्टन, जिब्राल्टर, जिनोआ, अलेक्झांड्रिया, याफा, बैरूत, कॉन्स्टँटिनोपल, पिरेउस, माल्टा, पालेर्मो, नेपल्स, लिस्बन अशी बंदरे घेत हे जहाज सुमारे दोन महिन्यांनी, मार्च महिन्यात परतले. चित्रकार सी. डब्ल्यू. आलर्स यांनी या सफरीची रेखाचित्रे काढली व ती बक्षीश या नावाच्या पुस्तकात प्रसिद्ध केली.

किनाऱ्यावरील सहलींचे नियोजन

या सफरीतील मुख्य आकर्षणे बंदरांमध्ये नसून बंदरांपासून दूर होती. अलेक्झांड्रियाला उतरणाऱ्या प्रवाशाला कैरो आणि पिरॅमिड पाहायचे असत. याफाला उतरणाऱ्याला जेरुसलेम, बैरूतला उतरणाऱ्याला दमास्कस आणि पिरेउसला उतरणाऱ्याला अथेन्स. त्यामुळे प्रत्येक बंदरात जहाज किती वेळ थांबवायचे, हे समुद्रातील अंतरावर नव्हे, तर जमिनीवरील वाहनांवर अवलंबून होते.

ही वाहने सर्वत्र सारखी नव्हती. पिरेउस ते अथेन्स हा लोहमार्ग इ.स. १८६९मध्येच सुरू झाला होता आणि अंतर जेमतेम १० किलोमीटर असल्यामुळे तेथे एका दिवसात जाऊन येणे सोपे होते. अलेक्झांड्रिया ते कैरो हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतरही आगगाडीने काही तासांत कापता येई. याउलट याफा-जेरुसलेम लोहमार्ग इ.स. १८९२मध्ये सुरू झाला. म्हणजे पहिल्या सफरीच्या वेळी तो अस्तित्वात नव्हता. सुमारे ६० किलोमीटरचा चढणीचा रस्ता घोडागाडीने किंवा घोड्यावरून पार करावा लागे आणि जेरुसलेममध्ये मुक्काम अटळ असे. बैरूत-दमास्कस लोहमार्ग इ.स. १८९५मध्ये झाला, तोपर्यंत लेबनॉनचे डोंगर ओलांडणारा, एका फ्रेंच कंपनीने बांधलेला गाडीरस्ता हाच मार्ग होता. त्यावरून टपालगाडीला जवळपास एक संपूर्ण दिवस लागे.

जहाजातून उतरणे हाही नियोजनाचाच भाग होता. याफाला मोठ्या जहाजांसाठी धक्का नव्हता. जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत असे आणि स्थानिक नावाडी प्रवाशांना खडकांच्या रांगेमधील अरुंद वाटेने होड्यांतून किनाऱ्यावर नेत. हिवाळ्यात समुद्र खवळला, की ही होड्यांची वाहतूक बंद पडे. अशा वेळी जहाजावरील प्रवाशांना उतरता येत नसे आणि आधी किनाऱ्यावर गेलेल्यांना परतता येत नसे. म्हणून वेळापत्रकात मोकळा वेळ ठेवणे आवश्यक ठरे. एका बंदरात झालेला उशीर पुढील प्रत्येक बंदरातील गाड्या, खोल्या आणि वाटाडे यांच्या व्यवस्थेवर परिणाम करत असे.

एकटा प्रवासी गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीची वाट पाहू शकतो. परंतु शेकडो प्रवाशांना एकाच वेळी किनाऱ्यावर पाठवून ठरलेल्या वेळी परत आणायचे असेल, तर त्यांची गटांत विभागणी आणि वाहनांची आगाऊ निश्चिती करावी लागते. स्थलांतरितांच्या वाहतुकीत बालीन यांनी अशाच प्रकारची व्यवस्था अनेक वर्षे हाताळली होती. पूर्व युरोपातून रेल्वेने येणारे हजारो लोक, त्यांची तपासणी, निवास आणि जहाजाची वेळ यांचा मेळ घालण्याचा हा अनुभव श्रीमंत सहलप्रवाशांच्या कामी आला.

सहल-व्यवसायाचा विस्तार

पहिली सफर यशस्वी झाल्यामुळे हापागने दरवर्षी अशा सफरी काढण्यास सुरुवात केली. उन्हाळ्यात नॉर्वेचे फ्योर्ड आणि स्पिट्सबर्गन, तर हिवाळ्यात भूमध्य समुद्र आणि वेस्ट इंडीज असे मार्ग रूढ झाले.

अटलांटिकसाठी बांधलेली जहाजे या कामाला पूर्णपणे सोयीची नव्हती. त्यामुळे बालीन यांनी प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे हे केवळ सहलींसाठीचे जहाज बांधून घेतले. इ.स. १९००मध्ये जलावतरण झालेले हे जहाज खास पर्यटनासाठी बांधलेले पहिले जहाज मानले जाते. सुमारे ४,४०० टनांच्या या जहाजाची रचना खाजगी नौकेसारखी होती. त्यात फक्त पहिल्या वर्गाच्या खोल्या, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि प्रवाशांनी किनाऱ्यावर घेतलेली छायाचित्रे धुण्यासाठी अंधारी खोली होती. १६ डिसेंबर, इ.स. १९०६ रोजी जमैकातील किंग्स्टनजवळ हे जहाज खडकावर चढून निकामी झाले. सर्व प्रवासी वाचले. परंतु कप्तानाने त्याच रात्री आत्महत्या केली.

इ.स. १९०५मध्ये हापागने बर्लिनमधील कार्ल श्टांगन यांची जुनी प्रवाससंस्था विकत घेतली. ही संस्था अनेक वर्षे इजिप्त व पूर्वेकडील देशांच्या सहली काढत होती. या खरेदीमुळे समुद्रावरील प्रवास आणि जमिनीवरील सहली यांची व्यवस्था एकाच कंपनीच्या हाती आली.

इ.स. १९०९मध्ये हापागचे क्लीव्हलंड हे जहाज सुमारे ६५० अमेरिकन पर्यटकांना घेऊन न्यू यॉर्कहून सुएझमार्गे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या सफरीवर गेले. या सफरीतील थांब्यांमध्ये मुंबईचाही समावेश होता.

हापागचे नेतृत्व

इ.स. १८९२मध्ये हांबुर्गमध्ये पटकीची साथ येऊन ८,०००हून अधिक लोक मरण पावले. साथीचा दोष रशियातून येणाऱ्या स्थलांतरितांना दिला गेला व त्यांची वाहतूक काही काळ थांबली. पुढे कंपनीने इ.स. १९०१मध्ये फेडेल बेटावर स्थलांतरितांसाठी निवास, भोजन आणि वैद्यकीय तपासणीची सोय असलेली वसाहत उभारली.

इ.स. १९००मध्ये कंपनीच्या डॉइचलांड जहाजाने अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा विक्रम केला. परंतु त्याला प्रचंड कोळसा लागे व ते फार थरथरत असे. त्यानंतर बालीन यांनी वेगाऐवजी आकार आणि सुखसोयी यांवर भर दिला. हेच जहाज पुढे इंजिनांची शक्ती कमी करून सहलींसाठी वापरण्यात आले. इ.स. १९१३मध्ये ५०,०००हून अधिक टनांचे इंपेराटोर आणि इ.स. १९१४मध्ये त्याहून मोठे फाटरलांड सेवेत दाखल झाले.

पहिले महायुद्ध आणि मृत्यू

कैसर दुसरा विल्हेल्म यांच्याशी बालीन यांचे निकटचे संबंध होते. तरीही ज्यू असल्यामुळे दरबारी व लष्करी वर्तुळांत त्यांना पूर्ण मान्यता मिळाली नाही. जर्मनी आणि ब्रिटन यांच्यातील आरमारी चढाओढ थांबावी यासाठी त्यांनी ब्रिटिश वित्तव्यवसायी अर्नेस्ट कासल यांच्यासह प्रयत्न केले. त्यातून इ.स. १९१२मध्ये ब्रिटिश मंत्री हाल्डेन यांची बर्लिनभेट घडून आली, पण समझोता झाला नाही. जुलै १९१४मध्येही ते लंडनला जाऊन ब्रिटिश नेत्यांना भेटले होते.

युद्ध सुरू होताच हापागची जहाजे जगभरच्या बंदरांत अडकून पडली. फाटरलांड न्यू यॉर्कजवळ अडकले आणि इ.स. १९१७मध्ये अमेरिकेने ते ताब्यात घेतले. सप्टेंबर १९१८मध्ये बालीन यांनी कैसरची अखेरची भेट घेतली. नोव्हेंबरमध्ये क्रांती हांबुर्गपर्यंत पोहोचली आणि कंपनीच्या कार्यालयात क्रांतिकारक शिरले. झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने ९ नोव्हेंबर रोजी बालीन यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली. हांबुर्गमधील ओल्सडॉर्फ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

व्हर्सायच्या तहानुसार हापागची बहुतेक मोठी जहाजे विजेत्या राष्ट्रांकडे गेली. इंपेराटोर हे ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीचे बेरेंगेरिया झाले, तर फाटरलांड अमेरिकेचे लेव्हायथन झाले. इ.स. १९२३मध्ये सेवेत दाखल झालेल्या एका नव्या जहाजाला हापागने आल्बर्ट बालीन हे नाव दिले. नाझी राजवटीत, इ.स. १९३५मध्ये ते बदलून हान्सा करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, इ.स. १९४७मध्ये हांबुर्गमधील कंपनीच्या मुख्यालयासमोरील रस्त्याला बालीनडाम हे नाव मिळाले. इ.स. २००७मध्ये फेडेल येथील वसाहतीच्या जागी स्थलांतरितांचे संग्रहालय सुरू झाले; तेही बालीन यांच्या नावाने ओळखले जाते. इ.स. १९७०मध्ये हापाग व नॉर्डडॉइचर लॉइड यांच्या विलीनीकरणातून हापाग-लॉइड ही कंपनी स्थापन झाली.

आजच्या पर्यटन-जहाजांच्या कार्यक्रमातही बालीन यांच्या पहिल्या सफरीची मांडणी दिसते: प्रवासी आपले सामान एकाच खोलीत ठेवतो, जहाज शहरे बदलते आणि प्रत्येक बंदरात किनाऱ्यावरील सहल जहाज सुटण्याच्या वेळेशी बांधलेली असते.