विद्यापीठ १९५८चे, निधन १९५६चे. तरी गेटवर बाबासाहेबांचे नाव का? समजून घ्या

दरवर्षी १४ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर अभिवादनासाठी प्रचंड गर्दी होते. फोटो निघतात, स्टेटस लागतात. पण कॅम्पसमध्ये नव्याने आलेल्या अनेकांना एक प्रश्न पडतो. विद्यापीठ सुरू झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. बाबासाहेबांचे निधन झाले ६ डिसेंबर १९५६ रोजी. म्हणजे हे विद्यापीठ त्यांनी पाहिलेही नाही. मग नाव त्यांचेच का?

उत्तर विद्यापीठाच्या शेजारी, नागसेनवनात आहे. पण ते नीट कळायला बाबासाहेबांकडे नेते म्हणून नाही, तर विद्यार्थी म्हणून पाहावे लागते.

चाळीतला अभ्यास

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. पुढे कुटुंब मुंबईत आले. परळच्या चाळीत जागा एवढी अपुरी, की वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवत. तेव्हाच काय ती शांतता मिळायची. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते बीए झाले.

पदवी हातात, पण राहायला जागा नाही

१९१३ मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एमए केले. १९१६ मध्ये लंडनला प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यात नोकरीला रुजू झाले. परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला शहरात कोणी खोली देईना. ओळख लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. जात कळताच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले. त्यांचे लेक्चर ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलेही येऊन बसत. त्याच कॉलेजात काही सहकाऱ्यांनी मात्र प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिण्यावर आक्षेप घेतला होता. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी डीएससीही मिळाली.

आधी वसतिगृह, मग कॉलेज

आता त्यांच्या पुढच्या कामाचा क्रम बघा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. गावातल्या मुलाला शहरात खोली मिळत नसेल, तर शाळा-कॉलेज कितीही चांगले असून उपयोग नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी पाठपुरावा केला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ मध्ये सुरू झाली. कॅम्पसमध्ये जिला आजही ‘जीओआय’ म्हणतात, तीच ही. फरक एवढाच की आता फॉर्म ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावा लागतो.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत.

औरंगाबादच का?

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादेत सरकारी इंटरमिजिएट कॉलेज होते. पदवीसाठी मात्र बहुतेकांना हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात जावे लागे आणि तिथे बराच काळ शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या, गरीब आणि त्यातही दलित कुटुंबातल्या मुलासाठी हे दार जवळपास बंदच होते.

संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथे कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. केंद्रात कायदामंत्री असतानाही बाबासाहेब बांधकामात आणि आवारातल्या झाडांत जातीने लक्ष घालत.

कॉलेजला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले, परिसर ‘नागसेनवन’ झाला. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनांना त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि समाधान झाल्यावर त्यांचे म्हणणे मान्य केले. कॉलेजला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे.

हे वातावरण कॅम्पसमध्ये उतरले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ नाटक विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. पुढे इथेच शिकवणाऱ्या प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ अनेक दशके चालवले आणि नव्या लिहिणाऱ्यांना हक्काची जागा दिली. विद्यापीठ आले तेव्हा घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेली पिढी शेजारी तयार होती.

नामांतर की नामविस्तार?

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी १९७०च्या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. अंमलबजावणी थांबली. विरोधकांचे म्हणणे होते की ‘मराठवाडा’ हे नाव प्रदेशाची ओळख आहे. समर्थकांसाठी हा बरोबरीच्या हक्काचा प्रश्न होता. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. आंदोलन सोळा वर्षे चालले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ शब्द कायम ठेवून त्याआधी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ जोडले गेले. जुने नाव काढले नाही, वाढवले. म्हणून मागणी ‘नामांतरा’ची असली, तरी दिवस ‘नामविस्तार दिन’ म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही सुरू झाले.

थोडक्यात काय?

विद्यापीठ होण्याच्या आठ वर्षे आधीच बाबासाहेबांनी या शहरात उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. गेटवरचे नाव हा त्या कामाचा हिशोब आहे. आजही प्रवेशाच्या दिवसांत खेड्यातून आलेला मुलगा किंवा मुलगी सर्वात आधी विचारते ते हेच: हॉस्टेलच्या यादीत नाव लागले का, स्कॉलरशिप कधी जमा होणार, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते? परळपासून लंडनपर्यंत बाबासाहेबांनाही याच तीन गोष्टींसाठी झगडावे लागले होते. १४ जानेवारीला गेटवर फोटो काढताना या तीन प्रश्नांची आजची उत्तरेही विचारायला हवीत.