गांधीजींनी ज्याला 'अभय साधक' म्हटलं, तो माणूस वरोऱ्याच्या गटारापाशी घाबरून पळाला होता

गोष्ट १९४० च्या दशकातली. वरोऱ्याच्या रस्त्यावर पावसाची संध्याकाळ. एक तरुण वकील डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन चालला होता. हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ ला एका सधन घरात जन्मलेला, शिकारीचा आणि गाड्यांचा शौक असलेला मुरलीधर देवीदास आमटे. घरचे त्याला बाबा म्हणायचे. नगरपालिकेत पद असूनही सफाई कामगारांचं काम स्वतः करून पाहायचं त्याने ठरवलं होतं.

गटाराकडेला त्याला चिंध्यांचं गाठोडं दिसलं. गाठोडं हललं. तो तुळशीराम होता. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले, जेमतेम श्वास चालू. बाबा तिथून घरी पळाले.

यात आश्चर्य असं, की त्याआधी रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना हा गडी एकटा भिडला होता. त्यावरूनच गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' हे नाव दिलं होतं. बंदुकीला न घाबरणारा माणूस एका आजारी माणसाला घाबरला. ही भीती जंतूंची होती की त्या शब्दाची, हे वेगळं करणं अवघड आहे. कारण तेव्हा कुष्ठरोगाचं नावच 'महारोग' होतं. कुणाला 'महारोगी' म्हटलं की त्याचं नाव, गाव, नातं सगळं संपायचं. भांडणात शिवी म्हणूनही तोच शब्द.

बाबा परत गेले. तुळशीरामवर छप्पर घातलं, त्याला खाऊ घातलं, शेवटपर्यंत सेवा केली. तुळशीराम गेला, पण आपण घाबरलो होतो ही गोष्ट बाबांनी कधी लपवली नाही. उलट आयुष्यभर जाहीरपणे सांगितली. हे धाडस आपण सहसा मोजत नाही.

मग कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरचं शिक्षण घेतलं. १९४९ मध्ये संस्था काढली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचवा-सापांच्या माळावर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन राहायला गेले. (गाय 'लंगडी' होती हे प्रत्येक जण आवर्जून सांगतो. आपल्या भाषेला पायाची मोठी काळजी. सबबसुद्धा आपल्याकडे लंगडीच असते आणि कारभार आंधळा.)

त्या जागेला नाव काय द्यायचं? कुष्ठधाम, अनाथाश्रम अशी नावं सहज सुचली असती. बाबांनी ठेवलं आनंदवन. पुढे अपंगांना हातचं काम शिकवणारं केंद्र उभं राहिलं, त्याचं नाव संधीनिकेतन. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला माडिया गोंडांसाठी काम सुरू झालं, ते लोक बिरादरी. एकाही नावात 'बिचारा' नाही. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, असं त्यांचं मत होतं आणि ते नावांपासूनच सुरू व्हायचं.

अर्थात नाव बदललं म्हणून गाव बदललं नाही. आनंदवनच्या मातीत भाजी पिकली, पण वरोऱ्यात ती कुणी घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी! मग परदेशातून काही स्वयंसेवक बांधकामाला आले. ते तिथेच राहू लागले, तिथलंच खाऊ लागले. गोरे लोक खातात म्हटल्यावर शेजाऱ्यांची भीती थोडी सैल झाली. याचं वाईट वाटावं की बरं, तुम्हीच ठरवा. १९६४ मध्ये तर याच आनंदवनात कॉलेज निघालं आणि ज्यांची सावली टाळायची त्यांच्या अंगणात आजूबाजूची पोरं शिकायला येऊ लागली.

सावली-मूल पट्ट्यातल्या माणसाला सोमनाथ सांगायला नको. मूल तालुक्यातल्या जंगलात १९६७ पासून बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे भातशेती उभी केली. दर मे महिन्यात महाराष्ट्रभरातली तरुण मुलं श्रमसंस्कार छावणीला येतात आणि त्यांच्याच बांधावर घाम गाळतात.

पुढे मणक्याच्या आजाराने बाबांना स्वतःलाच बसता येईना. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तशाच अवस्थेत १९८५ ची कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा झाली, नर्मदाकाठचा मुक्कामही झाला. मॅगसेसे, पद्मविभूषण हे त्याच काळातले.

एक विसंगती मात्र सांगायलाच हवी. १९४९ च्या त्या संस्थेचं नाव होतं महारोगी सेवा समिती. आजही तेच आहे.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत पुरलं. १८९८ चा इंग्रजांचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला त्यानंतर आठ वर्षं लागली. आणि नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होती.