भगवानदादांच्या कारकिर्दीचे विखुरलेले कागद

अंजनगाव सुर्जी : या गावाचे नाव इतिहासात राहिले ते एका कागदामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे तह झाला. त्याची कलमे आजही वाचावयास मिळतात. अमरावतीत जन्मलेल्या एका कलावंताच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. ते कलावंत म्हणजे भगवान आभाजी पालव, अर्थात रसिकांचे भगवानदादा.

त्यांचा जन्म १९१३ चा. वडील गिरणी कामगार, त्यामुळे जडणघडण मुंबईच्या श्रमिक वस्तीत झाली. मूकपटातून त्यांनी पडद्यावर पाऊल ठेवले. १९३८ मध्ये 'बहादूर किसान'चे सहदिग्दर्शन केले आणि पुढची दहा-अकरा वर्षे तुटपुंज्या भांडवलावर मारधाडीचे चित्रपट काढले. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. कष्टकरी प्रेक्षकांनी मात्र ते उचलून धरले. याच काळात, १९४२ मध्ये, चित्रीकरणावेळी त्यांची थप्पड जोरात बसून ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. पुढे चेंबूरला त्यांचा स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा राहिला.

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून त्यांनी सामाजिक विषय हाती घेतला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' झळकला. गीता बाली यांची साथ, सी. रामचंद्र यांचे संगीत आणि दादांचे ते साधेसोपे नृत्य यांनी देशाला वेड लावले. जुहूला बंगला झाला, दारात मोटारींची रांग लागली. 'झमेला'ला ते यश लाभले नाही. नंतरच्या निर्मितीत पैसा बुडाला, बंगला आणि मोटारी विकल्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले. किरकोळ भूमिका करीत त्यांनी उर्वरित आयुष्य काढले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

खरे नुकसान त्याआधीच झाले होते. गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या बहुतेक निगेटिव्ह जळाल्या. त्यामुळे 'अलबेला'पूर्वीचे भगवानदादा समजून घ्यायचे तर व्यवहाराच्या कागदांकडेच वळावे लागते. वऱ्हाडाचा संबंध येथे पुन्हा येतो. चित्रपट व्यवसायाने हा मुलूख 'सी.पी. बेरार' या जुन्याच नावाने सांभाळला आणि अमरावतीत वितरकांनी कार्यालये थाटली. वितरकाशी झालेला करार, आगाऊ रकमेची पावती, प्रिंटच्या पेटीची रेल्वे बिल्टी, चित्रपटगृहाचा रोजचा गल्ला आणि करमणूक कराचा हिशेब, अशा कागदांतून कोणता चित्रपट कोठे व किती दिवस चालला, हे कळते. व्यवहार मिटला की असे कागद बहुधा रद्दीतच जातात.

१९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फिल्मच्या रिळांबरोबरच पोस्टर, छायाचित्रे आणि चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकाही जमविल्या. अशा पुस्तिकेत गाण्यांसोबत कथासार आणि नटसंच छापलेला असे. निगेटिव्हच न उरलेल्या चित्रपटाचे कथानक कित्येकदा त्या चार पानांतच सापडते.