मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तरी कमलाताई हटल्या नाहीत! डाळ, दूध आणि नीरेचे विज्ञान सांगणाऱ्या कमला सोहोनी

साल १९३३. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली एक मुलगी. रसायनशास्त्र तिचा मुख्य विषय. पुढच्या शिक्षणासाठी तिने बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटला, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेला अर्ज केला. मार्क भरपूर होते, तरी प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, ती मुलगी होती.

ही मुलगी म्हणजे कमला भागवत. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. साहित्यिक दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. जन्म इंदूरचा, घर शिकलेल्यांचे. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही त्याच बंगलोरच्या संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. आपणही तिथेच शिकायचे, हे कमलाताईंच्या डोक्यात लहानपणापासून पक्के होते.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, देशभर मान असलेले शास्त्रज्ञ. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? पण कमलाताई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी थेट बंगलोर गाठले आणि रामन यांना समोरासमोर विचारले की, मुलगी असणे हा काय गुन्हा आहे का. शेवटी रामन तयार झाले, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचे. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये.

या अटी अपमानाच्याच होत्या. कमलाताईंनी तो अपमान गिळला, कारण शिकायचे होते. मात्र त्या तो विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी ही गोष्ट उघडपणे सांगितली.

त्यांचा विषय होता जीवरसायनशास्त्र, म्हणजे बायोकेमिस्ट्री. सोप्या भाषेत सांगायचे तर, आपण खाल्लेली भाकरी, वरण, दूध पोटात गेल्यावर त्याचे काय होते, त्यातून अंगाला ताकद कशी मिळते, याचा अभ्यास. शरीराचे काम कसे चालते हे शरीरक्रियाशास्त्र सांगते, आणि त्यामागे कोणती रसायने आहेत हे जीवरसायनशास्त्र सांगते. हे दोन्ही विषय हातात हात घालून चालतात.

बंगलोरला श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. कडक शिस्तीचे, पण मनापासून शिकवणारे. कमलाताईंनी तिथे दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. ज्या देशात बहुतेकांच्या ताटात मटण-अंडी रोज येत नाहीत, तिथे प्रथिने डाळीतूनच मिळणार, म्हणून हा अभ्यास मोलाचा. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले. कमलाताईंना रीतसर प्रवेश मिळाला आणि पुढे त्या संस्थेत मुलींनाही घेऊ लागले. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या.

तिथून शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनावर काम केले. बटाटा वखारीत पडून असला तरी आतून जिवंत असतो, श्वास घेतो. म्हणून तर ढिगात ऊब धरते. हे श्वसन पेशीच्या आत कसे चालते, याचा शोध त्या बटाट्यावर घेत होत्या. त्यात सायटोक्रोम सी नावाचे लोह असलेले प्रथिन महत्त्वाचे काम करते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहता आले असते. पण गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, म्हणून त्या त्याच वर्षी परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या. पुढे त्याच संस्थेच्या संचालकही झाल्या. अर्थात ते पदही त्यांना सहजासहजी मिळाले नाही, काही वर्षे वाट बघावी लागली.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून गरिबाच्या ताटातल्या अन्नावरच संशोधन केले. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिने पचवणारा पाचक घटक. तो अडला की डाळ खाऊनही अंगी लागत नाही. नीट शिजवले की हे अडवणारे घटक बरेच निकामी होतात. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घालू नये असे म्हणतात, त्यामागेही हेच कारण. आपल्या देशातल्या अन्नधान्यांत असे घटक किती, हे कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासले.

दुसरे मोठे काम नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. सूर्य उगवायच्या आत उतरवलेली ताजी, न आंबलेली नीरा पोषक असते, तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह असते, हे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहक संस्थेत त्या काम करत राहिल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. त्या संस्थेच्या 'कीमत' मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षेवर लिहीत. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

ज्या मुलीमुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडेल अशी भीती होती, तिच्या एका वर्षाच्या कामाने मागून येणाऱ्या मुलींची वाट मोकळी झाली. घरात बारावी सायन्सची मुलगी असेल आणि पुढे कशाला शिकायचे, लांब कशाला पाठवायचे असा विषय निघाला, तर कमलाताईंची ही गोष्ट घरात जरूर वाचून दाखवा.