बास्केटबॉलचे अग्रदूत रॉबर्ट डग्लस

खेळ म्हणजे केवळ करमणूक, असे पुष्कळांना वाटते. परंतु मानाने जगण्याच्या बहुतेक वाटा ज्या समाजाला बंद असतात, त्याला खेळण्याची जागादेखील मोठ्या कष्टाने मिळवावी लागते. मिळाल्यावर ती सांभाळावी लागते आणि तेथे आपली योग्यता पुनःपुन्हा सिद्ध करावी लागते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी हे कार्य ज्यांनी जन्मभर केले, त्या रॉबर्ट डग्लस यांचे हे चरित्र आहे. लोक त्यांना प्रेमाने बॉब डग्लस म्हणत.

वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स नावाच्या चिमुकल्या बेटावर ४ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. उसाचे मळे हाच तेथील मुख्य व्यवसाय. कष्ट फार आणि मिळकत थोडी, म्हणून बेटावरील अनेक तरुण पोटासाठी परदेशी जात. विसाव्या शतकाच्या आरंभी डग्लसही न्यूयॉर्क या महानगरात येऊन दाखल झाले. तेथे त्यांना एका इमारतीच्या दारावर उभे राहण्याची नोकरी मिळाली. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दार उघडायचे आणि मिटायचे, हेच त्यांचे काम.

एके दिवशी एका मित्राबरोबर त्यांनी बास्केटबॉलचा सामना पाहिला. हा खेळ तेव्हा अगदी नवा होता. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली स्प्रिंगफील्ड या गावी तो शोधून काढला होता. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना मुलांना घरात खेळता यावे, म्हणून त्याने फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ बसविला. चपळाई, नेमबाजी आणि एकजूट यांचा तो मेळ पाहून डग्लस यांचे मन मोहून गेले. तेव्हापासून हा खेळ त्यांचा आयुष्याचा सोबती झाला.

न्यूयॉर्कचा हार्लेम हा भाग त्या काळी कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती म्हणून आकार घेत होता. याच सुमारास, १९१३ ते १९१६ या वर्षांत, आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हार्लेमच्या शेजारीच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत होते. अमेरिकेत गुलामगिरी नष्ट होऊन अर्धे शतक लोटले होते, तरी वर्णभेद गेला नव्हता. गोऱ्या खेळाडूंच्या संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता आणि चांगल्या व्यायामशाळांची दारेही त्यांना बंद होती. म्हणून डग्लस यांनी १९०८ साली मित्रांच्या साहाय्याने 'स्पार्टन फील्ड क्लब' ही संस्था काढली. तिच्या बास्केटबॉल संघाचे ते स्वतः खेळाडू होते. १९१८ च्या सुमारास त्यांनी खेळणे थांबविले आणि संघाच्या व्यवस्थेला वाहून घेतले.

पुढे एक कसोटीचा प्रसंग आला. त्या काळच्या क्रीडासंघटना हौशी खेळाचा फार अभिमान बाळगीत. खेळासाठी पैसा घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. १९२१ साली न्यूयॉर्कच्या एका संघटनेने डग्लस यांना आज्ञा केली, की ज्यांनी पूर्वी कधी खेळून पैसे मिळविले असतील, त्यांना संघातून काढून टाका. डग्लस यांनी ती साफ नाकारली. दिवसभर हमाली करून संध्याकाळी खेळणाऱ्या गरीब तरुणाने आपल्या कौशल्याचा मोबदला घेतला, तर त्यात गैर काय, असा त्यांचा विचार होता. आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडून मिळणारी मान्यता त्यांना नको होती.

या नकारातूनच एक नवी कल्पना जन्मास आली. खेळाडूंना नियमित पगार देणारा, कृष्णवर्णीयांच्याच मालकीचा संघ का उभारू नये? परंतु खेळण्यास जागा कोठून आणायची? हार्लेममध्ये नुकतेच 'रेनेसान्स' नावाचे भव्य नृत्यगृह उघडले होते. त्याचे मालकही वेस्ट इंडीजमधूनच आलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. डग्लस यांनी त्यांच्याशी करार केला. जागा नृत्यगृहाची आणि संघाला नावही नृत्यगृहाचेच. अशा रीतीने 'न्यूयॉर्क रेनेसान्स' हा संघ स्थापन झाला. लोक त्याला थोडक्यात 'रेन्स' म्हणू लागले. ३ नोव्हेंबर १९२३ रोजी त्याचा पहिला सामना झाला आणि संघाने तो २८ विरुद्ध २२ गुणांनी जिंकला. सामन्याच्या आधी आणि नंतर त्याच गुळगुळीत लाकडी जमिनीवर नृत्य चाले. घसरत्या जमिनीवर तोल सांभाळून खेळण्याची विद्या या खेळाडूंनी तेथेच आत्मसात केली.

त्या काळी 'ओरिजिनल सेल्टिक्स' हा गोऱ्या खेळाडूंचा संघ सर्वश्रेष्ठ मानला जाई. डिसेंबर १९२५ मध्ये रेन्सनी त्याला प्रथमच हरविले. पुढे या दोन संघांत जशी चुरस वाढली, तसा स्नेहही वाढला. सेल्टिक्सचे उंचेपुरे खेळाडू जो लॅपचिक हे सामन्याच्या आरंभी रेन्सच्या चार्ल्स कूपर यांना सर्वांदेखत आलिंगन देत. गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयाला असे भेटावे, हे अनेक प्रेक्षकांना रुचत नसे. ते संतापून ओरडत, परंतु लॅपचिक यांनी आपला परिपाठ सोडला नाही.

हार्लेममधील सामन्यांवर संघाचा खर्च भागेना, तेव्हा डग्लस यांनी आपले खेळाडू देशभर दौऱ्यावर पाठविले. त्यांच्यासाठी त्यांनी खास मोटारगाडी बनवून घेतली. या गाडीतच खेळाडूंचा निम्मा संसार असे, कारण वाटेवरची खाणावळ त्यांना जेवू घालीत नसे आणि रात्रीसाठी खोलीही कोणी देत नसे. पुष्कळदा थंडगार शिदोरीवर भूक भागवून ते मैदानात उतरत आणि सामना आटोपला, की झोपण्यासाठी शेकडो मैल दूरचे शहर गाठत. ज्यांनी त्यांचा खेळ पाहून टाळ्या वाजविल्या, त्याच गावात त्यांना रात्र काढता येत नसे.

अशा स्थितीत संघ टिकवायचा तर केवळ शौर्य पुरेसे नव्हते, हिशेबही चोख लागे. डग्लस यांचा प्रवासी व्यवस्थापक दारात उभा राहून प्रेक्षकांची मोजदाद करी. ठरलेली रक्कम हातात पडल्याशिवाय संघ मैदानात पाऊल टाकीत नसे. खेळाडूंच्या वेळेच्या शिस्तीबाबतही डग्लस कठोर होते. या शिस्तीला गोड फळे आली. चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती असा विजेसारखा फिरे, की प्रतिस्पर्धी गोंधळून जात. १९३३ च्या आरंभी रेन्सनी ८६ दिवसांत लागोपाठ ८८ सामने जिंकले. ही विजयमालिका अखेर सेल्टिक्सनीच खंडित केली.

१९३९ च्या मार्च महिन्यात शिकागो येथे व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा प्रथमच भरली. तिच्यात गोरे आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही संघांना प्रवेश होता. अंतिम सामन्यात रेन्सनी ऑशकॉशच्या बलाढ्य गोऱ्या संघाला ३४ विरुद्ध २५ गुणांनी नमविले आणि ते जगज्जेते ठरले. या विजयानिमित्त डग्लस यांनी खेळाडूंना सुंदर जाकिटे करून दिली. त्यांच्या पाठीवर 'कृष्णवर्णीय जगज्जेते' असे शब्द होते. जॉन आयझॅक्स नावाच्या तरुण खेळाडूने एक पाते मागून घेतले आणि त्यांतील 'कृष्णवर्णीय' हा शब्द हलकेच कापून काढला. नव्या जाकिटाची नासाडी झाली, असे डग्लस यांना प्रथम वाटले. पण आयझॅक्स यांच्या मते ती नासाडी नव्हती, चूक दुरुस्त करणे होते. त्यांनी सर्वांनाच हरविले होते. मग जगज्जेते या शब्दामागे आणखी विशेषण कशाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यावसायिक खेळाची नवी मोठी संघटना उभी राहिली. डग्लस यांनी तिच्यात प्रवेश मागितला, परंतु तो त्यांना मिळाला नाही. १९४८ च्या अखेरीस दुसऱ्या एका लीगमध्ये एक संघ मोडला आणि रेन्सना डेटन या गावाच्या नावाने त्याची जागा मिळाली. गोऱ्यांच्या लीगमध्ये संपूर्ण कृष्णवर्णीय संघ खेळण्याची ही पहिलीच वेळ होती. मात्र १९४९ साली दोन्ही संघटनांचे एकीकरण झाले, त्यात रेन्सना पुन्हा वगळण्यात आले आणि हा संघ अस्तास गेला. पंचवीसांहून अधिक वर्षांत त्याने अडीच हजारांवर सामने जिंकले होते.

परंतु पेरलेले बी वाया गेले नाही. १९५० साली त्या संघटनेची दारे कृष्णवर्णीयांना प्रथमच उघडली. आत गेलेल्या पहिल्या खेळाडूंपैकी नॅट क्लिफ्टन हे पूर्वी रेन्सकडून खेळलेले होते. ते न्यूयॉर्कच्या ज्या संघात सामील झाले, त्याचे प्रशिक्षक होते तेच जो लॅपचिक!

डग्लस यांनी पुढेही अनेक वर्षे रेनेसान्स नृत्यगृहाची व्यवस्था पाहिली. स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलमधील थोरांचे एक कीर्तिमंदिर आहे. १९६३ साली त्यात संपूर्ण रेन्स संघाला स्थान मिळाले. १९७२ साली डग्लस यांचाही तेथे गौरव झाला. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. १६ जुलै १९७९ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या मोठ्या संघटनेने त्यांच्या संघाला आत घेतले नाही, तिचे बहुसंख्य नामांकित खेळाडू आज कृष्णवर्णीय आहेत. तरुणपणी हे गृहस्थ पगारासाठी दुसऱ्यांची दारे उघडीत होते. नंतरच्या आयुष्यात त्यांनी जे दार उघडण्यासाठी धडपड केली, त्यातून त्यांना स्वतःला आत जाता आले नाही, पण त्यांच्यामागून येणाऱ्या असंख्य खेळाडूंना ते मोकळे झाले.