कानाने ऐकणारा कापड-व्यापारी

१९९३ साली मी घरी म्युझिक सिस्टिम आणली ती खोक्यावरचा आकडा वाचून. हजार वॅट पीएमपीओ! या पीएमपीओचा अर्थ दुकानदाराने सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. निमिषभर कशीबशी निघू शकेल अशी ती कागदावरची ताकद. सलग मिळणारे वॅट त्याच्या पासंगालाही पुरत नसत. जुना व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, जेमतेम तीन-चार वॅटचा, मी भंगारात दिला. वडील आठवडाभर नव्या सिस्टिमसमोर बसले आणि मग बसेनासे झाले. तंबोरा ऐकू येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

या कोड्याचा उलगडा फुटपाथवर मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकाने केला. पुस्तक लाउडस्पीकरांवरचे, १९४८ चे. लेखक गिल्बर्ट ब्रिग्ज. वाटले, कोणी इंजिनियर असणार. निघाले कापडाच्या धंद्यातले!

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातला. ब्रॅडफर्ड हे तिकडचे लोकरीचे मोठे गाव, आणि ब्रिग्ज यांची उमेदीची वर्षे कापडाच्या व्यापारातच गेली. पियानोचे मात्र वेड. जागतिक मंदीत कापडाचा धंदा बसला तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने १९३२ साली इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लाउडस्पीकर बनवायला घेतला. ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत पहिले आणि दुसरे, दोन्ही बक्षिसे त्यांच्याच स्पीकरांना मिळाली. तिथल्या व्हार्फ नदीच्या खोऱ्यावरून कारखान्याचे नाव पडले व्हार्फडेल.

पियानोचा सूर ज्याच्या कानात पक्का बसला आहे, त्याला स्पीकर खोटे कधी बोलतो ते लगेच कळते. ब्रिग्ज यांचे खरे वैर खोक्याशी होते. स्पीकरच्या पडद्याबरोबर लाकडी खोकेही थरथरते आणि आपला वेगळाच सूर मिसळते. वॅट वाढवले की ही भेसळही वाढते. म्हणून त्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरली, कोपऱ्यात विटांचे बांधकाम करून त्यात स्पीकर बसवण्याचाही पुरस्कार केला. आपल्याकडचा गवंडीही चटकन समजेल असे हे ध्वनिशास्त्र!

मग आला १९५४ सालचा तो धाडसी प्रयोग. लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, सुमारे तीन हजार खुर्च्यांचा. रंगमंचावर कलावंत प्रत्यक्ष वाजवणार आणि लगेच तेच वादन ध्वनिमुद्रणातून स्पीकरवर ऐकवायचे. श्रोत्यांनी फरक ओळखावा. सोबतीला होते क्वाड कंपनीचे पीटर वॉकर आणि त्यांचे अॅम्प्लिफायर. वॉकर यांचा त्या काळचा नावाजलेला क्वाड टू किती वॅटचा? अवघ्या १५! पुढच्याच वर्षी ब्रिग्ज न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हाच खेळ करून आले.

हे जमते कसे, याचा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा माझ्या हजार वॅटची मलाच लाज वाटली. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, म्हणजे कानाला जरासाच. तो दुप्पट मोठा वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. उलट तेवढ्याच विजेवर तीन डेसिबल जास्त बोलणारा स्पीकर घेतला, तर अॅम्प्लिफायर दुप्पट केल्याचे काम फुकटात होते. दिवाणखान्यातल्या बेताच्या ऐकण्याला तर बहुतेक वेळ एखादा वॅटही पुरतो. जादा वॅट लागतात ते तबल्याच्या थापेसारख्या क्षणांना, आवाज फाटू नये म्हणून. ते हवेतच, पण खोके आणि खोली बिघडलेली असेल तर ते तरी काय करणार? ब्रिग्ज यांनी अॅम्प्लिफायरवरही एक पुस्तक लिहिले, त्यामुळे त्यांना वॅटचे वावडे होते असे कोणी समजू नये.

१९५८ साली त्यांनी कंपनी रँक समूहाला विकली, १९६५ साली निवृत्त झाले. त्यांच्याकडे काम केलेल्या रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये केईएफ काढली. ती आजही स्पीकर बनवते. ब्रिग्ज १९७८ साली गेले. त्यांच्या पुस्तकांत सूत्रांबरोबर मिस्कीलपणाही भरपूर आहे, आणि मला तो जास्त उपयोगी पडला.

पुस्तक वाचून मी पहिली गोष्ट केली ती लोखंडी कपाटावरचे दोन्ही स्पीकर खाली उतरवले. कपाटच गुणगुणत होते! मिक्सर आल्यापासून पडून असलेला पाटा एकाखाली ठेवला, दुसऱ्याखाली विटा. ढुम्म आवाज करणारे बटण शून्यावर आणले. तंबोरा सगळा नाही, पण बराचसा परतला. वडील संध्याकाळभर बसले. उठताना मात्र त्यांनी विचारलेच, रेडिओग्राम नेणारा तो भंगारवाला अजून आपल्या गल्लीत येतो का.