डॉ. ताकाशी पॉल नागाई आणि उराकामीच्या घंटा

त्रिकाळ प्रार्थनेची घंटा झाली की आपल्या घरातील वडीलधारी माणसे हातातले काम खाली ठेवीत आणि कपाळावर क्रुसाची खूण करीत. वाडीत पाणी लावणारा माणूसदेखील दोन मिनिटे थांबे. आता दूरदर्शनच्या आवाजात ही घंटा पुष्कळदा ऐकूच येत नाही. पण ज्या गावाची घंटा एका क्षणात ढिगाऱ्याखाली गेली, त्या गावाला घंटेची किंमत काय वाटली असेल? ह्या रविवारी आम्ही अशाच एका गावाची आणि तेथील एका डॉक्टरांची ओळख करून देत आहोत.

गाव आहे जपानमधील नागासाकी. आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांच्यासह एकूण सव्वीस रक्तसाक्षी होते. त्यांतच येशूसंघाचे पॉल मिकी होते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ह्या शहराच्या उत्तरेला उराकामी नावाची वस्ती आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली तेव्हा येथील शेतकऱ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे गुपचूप श्रद्धा जपली. धर्मगुरू नाही, देऊळ नाही, मिस्सा नाही आणि घंटा तर नाहीच. दर वर्षी गावच्या मुखियाच्या घरी प्रभूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही असे दाखवावे लागे. नाताळ कधी, उपवासकाळ कधी हे सर्वांना कळावे म्हणून एका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या पंचांग सांभाळण्याचे काम होते. १८६५ साली हे लोक फ्रेंच धर्मगुरूंसमोर प्रकट झाले. त्यानंतरही सरकारने उराकामीच्या तीन हजारांहून अधिक भाविकांना हद्दपार केले व त्यांतील कित्येक परमुलखातच वारले. १८७३ साली बंदी उठली आणि उरलेले परतले. परतल्यावर त्यांनी काय करावे? ज्या मुखियाच्या घरी प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा त्यांनी विकत घेतली. १८९५ साली तेथे चर्चचे बांधकाम सुरू झाले आणि १९१४ साली त्याचे आशीर्वादन झाले. गरीब शेतकऱ्यांच्या पैशाने काम चालले होते, तेव्हा वेळ लागणारच. १९२५ साली पुढचे दोन मनोरे पूर्ण झाले. दोन मनोऱ्यांत दोन घंटा, एक मोठी व एक लहान, दोन्ही फ्रान्समध्ये ओतलेल्या.

ह्या घंटांच्या हाकेच्या टापूत १९२८ साली एक तरुण वैद्यकीय शिक्षणासाठी आला. ताकाशी नागाई ह्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०८ रोजी मात्सुए येथे झाला. वडील डॉक्टर होते. विद्यार्थी ताकाशी पुरता नास्तिक होता, शरीर संपले की माणूस संपला असे मानणारा. १९३० साली आई मरणाच्या दारी असताना तिने त्याच्याकडे जे पाहिले, त्या नजरेने ह्या मताला तडा गेला. बोलता येत नव्हते, पण ती नजर त्याला सोडेना. तो पास्कल ह्या फ्रेंच विचारवंताची पुस्तके वाचू लागला, आणि ख्रिस्ती माणसे जगतात तरी कशी हे पाहण्यासाठी उराकामीच्या मोरियामा कुटुंबाकडे भाड्याने राहू लागला. पंचांग सांभाळणारे घराणे ते हेच.

१९३२ च्या नाताळच्या मध्यरात्री तो त्यांच्यासोबत मिस्साला गेला. घरची मुलगी मिदोरी शाळेत शिक्षिका होती. तिला अपेंडिक्सचा त्रास उठला तेव्हा बर्फातून पाठीवर घेऊन त्याने तिला इस्पितळात पोचवले. पुढे त्याला सैन्यात डॉक्टर म्हणून मांचुरियाला जावे लागले, तेव्हा तिने धर्मशिक्षणाचे छोटे पुस्तक पाठवले. जून १९३४ मध्ये त्याने स्नानसंस्कार घेतला व पॉल मिकींच्या आठवणीने पॉल हे नाव घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांचे लग्न झाले.

कानाच्या दुखण्याने एक कान निकामी झाल्यामुळे स्टेथोस्कोपचे काम नागाईंना जमण्यासारखे नव्हते. म्हणून ते क्ष-किरण विभागात गेले. हा विभाग तेव्हा नवा होता आणि त्यातले धोकेही पुरते ठाऊक नव्हते. युद्धकाळात फिल्म मिळेना, तेव्हा क्षयरोग्यांच्या छातीची तपासणी ते पडद्यावर थेट डोळ्यांनी पाहून करीत. दिवसभर किरणांसमोर उभे राहायचे. जून १९४५ मध्ये निदान झाले: रक्ताचा कर्करोग, आयुष्य सुमारे तीन वर्षे. त्यांनी घरी येऊन मिदोरींना सर्व सांगितले. असे ओझे बायकोपासून लपवणारे पुरुष आपणही पाहिलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

८ ऑगस्टच्या सकाळी ते कामावर निघाले आणि जेवणाचा डबा विसरले. परत आले तर मिदोरी दाराशी रडत बसलेल्या दिसल्या. ती त्यांची शेवटची भेट. त्या रात्री नागाईंची इस्पितळात पाळी होती.

९ ऑगस्ट १९४५, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटे. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे खालचे काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले आणि अणुबाँब उराकामीवरच फुटला. चर्च तेथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आत दोन धर्मगुरू भाविकांची पापनिवेदने ऐकत होते, त्यांतील कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथोलिकांपैकी साडेआठ हजार मरण पावले. अडीचशे वर्षांच्या छळाने जे साधले नाही ते काही क्षणांत झाले, आणि तेही ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशाच्या हातून. हे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो, पण ते टाळता येत नाही.

नागाईंच्या उजव्या कानशिलाजवळची धमनी तुटली होती. डोक्याला पट्टी बांधून ते वाचलेल्या सहकाऱ्यांसह जखमींची सेवा करीत राहिले. घरी जायला त्यांना ११ तारीख उजाडली. स्वयंपाकघराच्या जागी राख होती, राखेत मिदोरींची थोडी हाडे आणि त्यांत जपमाळ. एका बादलीत ती हाडे गोळा करून ते निघाले. मुले आजीसोबत मित्सुयामाच्या डोंगरात होती म्हणून वाचली. तेथेच पुढचे दोन महिने नागाईंनी जखमींसाठी मदतकेंद्र चालवले.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी पडक्या चर्चजवळ मृतांसाठी मिस्सा झाली. तेथे बोलताना नागाईंनी ह्या साऱ्या मरणाला देवाला वाहिलेले होमार्पण म्हटले. ज्यांची मुले-माणसे गेली होती, त्यांतील काहींना ह्याचा मोठा आधार वाटला. काहींना राग आला आणि पुढे अनेक अभ्यासकांनीही टीका केली: देवाची इच्छा म्हटले की बाँब टाकणाऱ्याला आणि युद्ध सुरू करणाऱ्यालाही कोणी जाब विचारत नाही. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमा येथे युद्ध हे मानवाचेच कृत्य आहे अशा अर्थाचे बोलले, तेव्हा नागासाकीच्या कित्येक कॅथोलिकांना मन मोकळे झाल्यासारखे वाटले. आम्हालाही ही टीका योग्य वाटते. मात्र नागाई उंचावर उभे राहून उपदेश करीत नव्हते. त्यांची पत्नी त्याच राखेत होती.

डिसेंबरात तरुणांनी चर्चच्या विटा उपसायला घेतल्या. डाव्या मनोऱ्याचा घुमट खाली ओढ्यापर्यंत घरंगळला होता आणि त्यातली लहान घंटा फुटली होती. उजव्या मनोऱ्याची मोठी घंटा मात्र ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली! नाताळच्या आदल्या संध्याकाळी लाकडी ओंडक्यांच्या घोडीवर ती टांगून वाजवण्यात आली. झोपड्यांतून आणि तळघरांतून राहणाऱ्या लोकांनी साडेचार महिन्यांनी प्रथमच आपल्या देवळाची घंटा ऐकली.

हेच नाव नागाईंनी आपल्या पुस्तकाला दिले: नागासाकीची घंटा. १९४६ साली लिहून झालेले हे पुस्तक अमेरिकी लष्करी अंमलाने अडवून धरले. जपानी सैन्याने मनिलात केलेल्या अत्याचारांची हकीकत जोडावी ह्या अटीवर ते १९४९ च्या जानेवारीत छापले गेले. ते हातोहात खपले, त्यावर गाणे झाले, १९५० साली चित्रपटही निघाला. नागाई तेव्हा अंथरुणाला खिळले होते. १९४८ साली बांधलेल्या झोपडीत, दोन चटया मावतील एवढ्याच जागेत, ते दोन मुलांसह राहत व पाठीवर पडून लिहीत. झोपडीचे नाव न्योकोदो, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या प्रभूच्या आज्ञेवरून ठेवलेले. आलेल्या पैशातून त्यांनी उजाड उराकामीत चेरीची हजार रोपे लावली आणि मुलांसाठी वाचनालय काढले. हेलन केलर येऊन गेल्या, खुद्द सम्राट भेटले. १ मे १९५१ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शहराने काढलेल्या अंत्यविधीला सुमारे वीस हजार लोक जमले.

चर्च १९५९ साली पुन्हा उभे राहिले. मोठी घंटा उजव्या मनोऱ्यात चढली. डावा मनोरा रिकामाच राहिला.

२०२३ साली अमेरिकेतील एक समाजशास्त्राचे प्राध्यापक नागासाकीला आले होते. त्यांचे आजोबा बाँब बनवणाऱ्या प्रकल्पात डॉक्टर होते. तेथील एका कॅथोलिक भाविकाने त्यांना सुचवले की अमेरिकेतील कॅथोलिकांनी ती दुसरी घंटा द्यावी. प्राध्यापक परतून चर्चोचर्ची बोलू लागले. सहाशेहून अधिक लोकांनी मिळून सुमारे सव्वा लाख डॉलर दिले आणि फुटलेल्या घंटेच्या जागी नवी घंटा ओतली गेली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील संत कतेरी ह्यांचे नाव तिला देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये नागासाकीच्या आर्चबिशपांनी तिला आशीर्वाद दिला. ९ ऑगस्ट २०२५ रोजी अकरा वाजून दोन मिनिटांनी, ऐंशी वर्षांनी प्रथमच, दोन्ही मनोऱ्यांतील घंटा एकदम वाजल्या. न्योकोदो तेथून चालत काही मिनिटांवर आहे.